तुमचे प्रश्न : डिटेक्टर मंद आहे, मग लेझरनं अंतर बारीक मोजायचं कसं?

मागच्या अंकात लेझर टेप आतून कसा चालतो यावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या बऱ्याच पत्रांचा रोख एकच आहे, की डिटेक्टर (परतलेला प्रकाश पकडून त्याचा विजेचा सिग्नल करणारा भाग) स्लो आहे, फास्ट परवडत नाही, मग काय करायचं. म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला दिली आहे. पहिलं उत्तर लांबलंय, पण ते नीट वाचलंत तर पुढची उत्तरं सोपी जातील.

प्रश्न : मी सांगलीत डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. लेझर रेंज फाइंडर प्रोजेक्ट घेतलाय. ६५० नॅनोमीटरचं लाल लेझर मॉड्युल, बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड, पुढे एलएम ३५८ ऑपअँप (सिग्नल वाढवणारा आयसी) १०० गेनला, म्हणजे १०० पट वाढवायला, आणि मग मायक्रोकंट्रोलर. भिंत २ मीटरवर असो नाहीतर ५ मीटरवर, रीडिंगमध्ये काही फरकच कळत नाही, नुसत्या उड्या मारतं. सर म्हणतात डिटेक्टर स्लो आहे. फास्ट अ‍ॅव्हलांच डायोडची (सिग्नल आतल्या आत वाढवणारा फोटोडायोड) किंमत बघून प्रोजेक्टच बदलावा असं वाटायला लागलंय.

प्रोजेक्ट बदलू नकोस. आधी बघ की तुझ्या सर्किटमध्ये नक्की स्लो कोण आहे, कारण माझ्या मते तू चुकीच्या माणसाला धरलंयस.

प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो. आपल्याला जाऊन-येऊन मोजायचं असतं म्हणून एक नॅनोसेकंद म्हणजे १५ सेंटीमीटर अंतर, हा आकडा पाठच करून ठेव. तुझी भिंत २ वरून ५ मीटरवर गेली की पल्स (लेझरचा क्षणभराचा झोत) फक्त २० नॅनोसेकंद उशिरा येते. आता बीपीडब्ल्यू ३४ चं डेटाशीट उघड, त्यात १ किलोओहम लोड आणि १० व्होल्ट रिव्हर्स बायसला (डायोडला उलटं दिलेलं व्होल्टेज) राइज टाइम, म्हणजे सिग्नल चढायला लागणारा वेळ, १०० नॅनोसेकंद दिलाय. म्हणजे फार वेगवान नाही हे खरं. पण एलएम ३५८ बघ, त्याचं गेन-बँडविड्थ (गेन गुणिले झेपणारी फ्रिक्वेन्सी) साधारण १ मेगाहर्ट्झ. १०० गेन घेतलास म्हणजे बँडविड्थ उरली १० किलोहर्ट्झ. राइज टाइम म्हणजे ०.३५ भागिले बँडविड्थ, हिशोब कर, ३५ मायक्रोसेकंद येतो, आणि तेवढ्या वेळात प्रकाश सव्वापाच किलोमीटरवर जाऊन परत येतो! एवढ्या पसरट चढावर तू ३ मीटरचा फरक शोधतोयस. बदनाम डायोड झालाय, पण पल्स मारतोय ऑपअँप.

डायोडलाही थोडं सुधारता येतं. शून्य बायसला त्याची कपॅसिटन्स (चार्ज साठवण्याची क्षमता, ती जितकी जास्त तितका डायोड मंद) ७० पिकोफॅरडच्या आसपास असते, ३ व्होल्ट रिव्हर्स दिले की २५ वर येते, म्हणून ९ व्होल्टची बॅटरी उलटी लाव. मग लोड रेझिस्टर कमी कर. मी हे टेबलावर करून बघितलंय, १० किलोओहम असताना स्कोपवर पल्स कुठे चालू झाली आणि कुठे संपली हेच सांगता येत नव्हतं, पावसात भिजलेल्या ढेकळासारखी पसरलेली. रेझिस्टर काढून ४७० ओहमचा टाकला तसा चढ उभा राहिला, पण उंची इतकी कमी झाली की नॉइजमधून पल्स हुडकावी लागली. हा सौदा कायमचा आहे, वेग घेतलास की उंची जाते. त्यातून मधली वाट म्हणजे ट्रान्सइम्पीडन्स अँप्लिफायर (डायोडच्या करंटचं थेट व्होल्टेज करणारं सर्किट), त्यात डायोडवरचं व्होल्टेज जवळपास हलतच नाही, त्यामुळे ते २५ पिकोफॅरड दर वेळी भरा-रिकामं करा असं होत नाही. फक्त त्यासाठी ऑपअँप फास्ट लागतो.

आता दुसरी गोष्ट, आणि ही बहुतेकांना सुचत नाही. समज तुझ्या पल्सचा चढ तळापासून माथ्यापर्यंत ७० नॅनोसेकंदांचा झाला आणि कंपॅरेटर (सिग्नलनं रेषा ओलांडली की खूण देणारा आयसी) एका ठरावीक व्होल्टेजला बसवलाय. पांढऱ्या भिंतीवरून येणारी पल्स काळ्या कापडापेक्षा चौपट उंच. तीच व्होल्टेजची रेषा पांढऱ्या पल्सच्या २० टक्के उंचीवर येते आणि काळ्या पल्सच्या ८० टक्क्यांवर. म्हणजे एक १४ व्या नॅनोसेकंदाला पकडली गेली आणि दुसरी ५६ व्या. फरक ४२ नॅनोसेकंद, म्हणजे ६.३ मीटर, आणि भिंत जागची हललेली नाही. तुझ्या उड्यांमधल्या काही इथूनच येत असणार, भिंतीवर कॅलेंडर वगैरे आहे का बघ. उपाय असा, की ठरावीक व्होल्टेजला न पकडता प्रत्येक पल्स तिच्या स्वतःच्या उंचीच्या अर्ध्यावर पकडायची. त्यासाठी पल्सची एक कॉपी थोडी उशिरा करून दुसऱ्या लहान केलेल्या कॉपीशी ताडतात, या सर्किटला कॉन्स्टंट फ्रॅक्शन डिस्क्रिमिनेटर म्हणतात. चढ मंद असला की याची गरज जास्त, कमी नाही.

आणि मग अ‍ॅव्हरेजिंग. एका पल्सची वेळ किती अचूक पकडता येते ते ढोबळमानानं राइज टाइम भागिले सिग्नल-टू-नॉइज. राइज टाइम ५५ नॅनोसेकंद आणि सिग्नल नॉइजच्या १०० पट असेल तर चूक ०.५५ नॅनोसेकंद, म्हणजे ८ सेंटीमीटर. ५५ नॅनोसेकंदांचे सरळ सव्वाआठ मीटर होतात आणि आपण ८ सेंटीमीटरवर आलो, डिटेक्टर तोच! १०,००० पल्सचं अ‍ॅव्हरेज घेतलंस तर कागदावर अजून शंभर पट सुधारणा. कागदावर म्हणतोय कारण प्रत्यक्षात सर्किट तापतं, डिले सरकतो आणि अ‍ॅव्हरेज त्या सरकण्याला काही करू शकत नाही.

पण मला विचारशील तर तू पल्सचा नाद सोड आणि फेजनं मोज. लेझर १० मेगाहर्ट्झनं कमी-जास्त चमकव. परत आलेल्या प्रकाशाची लाट जेवढी मागे पडली तेवढं अंतर, एक पूर्ण लाट १५ मीटरची, एक अंश म्हणजे ४.२ सेंटीमीटर. आता खरी गंमत. डायोडमधून निघालेला सिग्नल अँप्लिफायरला द्यायच्या आधीच त्याला ९.९९९ मेगाहर्ट्झशी मिक्स कर, म्हणजे दोन्हींचा गुणाकार कर. बाहेर पडतो दोन्हींतला फरक, १ किलोहर्ट्झ, आणि फेज जशीच्या तशी त्यात उतरते. एक अंश मागे पडलेली १० मेगाहर्ट्झची लाट एक अंश मागे पडलेली १ किलोहर्ट्झची लाट होते. म्हणजे वेळ १०,००० पट ताणली गेली, एक नॅनोसेकंद आता १० मायक्रोसेकंद झाला. १६ मेगाहर्ट्झच्या साध्या आर्डुइनोचा टायमरसुद्धा ६२.५ नॅनोसेकंदाची पायरी मोजतो, ती पायरी अंतरात एक मिलिमीटरच्या आत येते (नॉइजमुळे तेवढं मिळणार नाही, पण मोजणीची अडचण संपली).

आणि तुझा एलएम ३५८? तो आता चालतो. १० किलोहर्ट्झ बँडविड्थ, सिग्नल १ किलोहर्ट्झ. तो पाच-सहा अंश फेज स्वतःची घालेल, पण ती कायम तेवढीच राहते, त्यामुळे वजा करता येते.

करताना तीन गोष्टी सांभाळ. दोन्ही फ्रिक्वेन्सी एकाच क्रिस्टलवरून काढ, नाहीतर दोन क्रिस्टल वेगवेगळे सरकतात आणि फेजला अर्थ राहत नाही. एसआय ५३५१ हे क्लॉक जनरेटरचं छोटं मॉड्युल दोन्ही देतं. मिक्सरला एनई ६०२ घे, हॅम रेडिओवाल्यांचा जुना आवडता आयसी आहे, पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी कर. आणि तयार लेझर मॉड्युलच्या आत ड्रायव्हर आणि कपॅसिटर असतो, तो १० मेगाहर्ट्झ गिळून टाकतो. नुसता लेझर डायोड घे, त्याला स्थिर करंट दे आणि त्यावर मॉड्युलेशन चढव.

प्रश्न : बारामतीकडे खाजगी मोजणीची कामं करतो. माझ्या टोटल स्टेशनवर (कोन आणि अंतर मोजणारं जमीन मोजणीचं यंत्र) २ मिलिमीटर अधिक २ पीपीएम अशी अ‍ॅक्युरसी लिहिली आहे. तुमच्या मागच्या लेखाप्रमाणे एक नॅनोसेकंद म्हणजे १५ सेंटीमीटर, मग २ मिलिमीटरसाठी आत केवढा फास्ट डिटेक्टर असेल?

दादा, २ मिलिमीटर म्हणजे १३ पिकोसेकंद. तेवढा वेगवान डिटेक्टर तुमच्या मशीनमध्ये नाही आणि त्याची गरजही नाही. वर सांगलीच्या मुलाला सांगितलं तेच तिथे चाललेलं असतं. अशा बऱ्याच मशीनमध्ये आतला अ‍ॅव्हलांच डायोडच मिक्सरचं काम करतो, म्हणजे त्याच्या बायसमध्ये दुसरी फ्रिक्वेन्सी घालून त्याचा गेन वर-खाली करतात, त्यामुळे डायोडमधून बाहेर येतानाच सिग्नल किलोहर्ट्झमध्ये आलेला असतो आणि पुढचं सगळं सर्किट आरामात चालतं. ही कल्पना जुनी आहे. स्वीडनचे एरिक बर्गस्ट्रांड यांनी १९४० च्या दशकात जिओडिमीटर केला तेव्हा लेझरच नव्हता, साधा दिवा, त्यापुढे केर सेल नावाचं विजेवर चालणारं शटर, आणि फेज मोजून किलोमीटरच्या किलोमीटर अंतरं काढायचे.

तुमच्या मशीनमध्ये अजून एक गोष्ट असते जी बाहेरून दिसत नाही. थोडा लेझर प्रकाश बाहेर न पाठवता आतल्या आत ठरावीक वाटेनं त्याच डिटेक्टरवर आणतात. आधी ती ओळखीची वाट मोजतात मग तुमचा प्रिझम (प्रकाश आल्या वाटेनं परत पाठवणारी काच), आणि वजाबाकी. सर्किट उन्हात तापून जेवढं सरकलं तेवढं दोन्हीत सारखंच येतं, म्हणून निघून जातं. माझ्या मते मिलिमीटर मिळण्याचं अर्धं श्रेय या आतल्या वाटेला आहे.

मागचे २ पीपीएम म्हणजे किलोमीटरला २ मिलिमीटर. त्यावर हवेचा परिणाम वेगळा, तापमान एक अंश सेल्सियसनं चुकीचं भरलं तर साधारण १ पीपीएम चूक होते. सकाळी मशीन सेट करून दुपारच्या उन्हातही तेच तापमान ठेवलं आणि १५ अंश फरक पडला, तर किलोमीटरला दीड सेंटीमीटर गेला. डिटेक्टरची काळजी करण्यापेक्षा हे बघा.

आणि तुमच्यासाठी खास सावधगिरी, प्रिझमशिवाय मोजताना समोर तारेची जाळी किंवा उसाची पानं आली तर फेजनं मोजणारं मशीन दोन्हीचा प्रकाश एकत्र करून मधलाच आकडा देऊ शकतं, जिथे काहीच नाही असा. आकडा स्थिर येतो म्हणून खरा वाटतो. का ते पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : मी दापोलीला कृषी अभियांत्रिकी शिकते. आंब्याच्या झाडाची बाहेरची पानं आणि आतली फांदी, साधारण ६० सेंटीमीटरचं अंतर, लेझरनं वेगळं काढायचंय. माझ्या डिटेक्टरची बँडविड्थ २० मेगाहर्ट्झ आहे. हजारो पल्सचं अ‍ॅव्हरेज आणि मग सॉफ्टवेअरमध्ये डीकन्व्होल्यूशन केलं तर जमेल ना?

तुझा प्रश्न सांगलीच्या मुलापेक्षा वेगळा आहे. त्याला एकच भिंत कुठे आहे ते हवंय, ती अचूकता. तुला दोन वस्तू दोन म्हणून दिसायला हव्यात, ते रिझोल्यूशन. दोन्हीला आपण बोलताना रिझोल्यूशनच म्हणतो आणि तिथेच घोळ होतो.

चंद्राचं उदाहरण घे. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी तिथे १०० छोट्या प्रिझमचा रिफ्लेक्टर ठेवला, पुढे अपोलो १५ नं ३०० चा. लेझर जाऊन यायला अडीच सेकंद लागतात आणि परत मोजके फोटॉन येतात. तो चौकोन पृथ्वीकडे कायम सरळ नसतो, थोडा तिरका होतो, त्यामुळे जवळच्या कोपऱ्यावरून आलेला फोटॉन आणि लांबच्या कोपऱ्यावरून आलेला फोटॉन यांत नॅनोसेकंदाच्या आसपास फरक पडू शकतो. तरी हजारो फोटॉन गोळा करून चंद्राचं अंतर मिलिमीटरच्या घरात काढतात. ते जमतं कारण रिफ्लेक्टर एकच आहे आणि त्याचा आकार माहीत आहे. त्याच पद्धतीनं कुणी विचारलं की तिथे एकामागे एक दोन रिफ्लेक्टर ५ सेंटीमीटरवर आहेत का, तर एवढं सोपं उत्तर देता येणार नाही.

तुझा हिशोब : २० मेगाहर्ट्झला राइज टाइम १७.५ नॅनोसेकंद, अंतरात २.६ मीटर. पान आणि फांदी ४ नॅनोसेकंदांवर. दोघांची मिळून एकच टेकडी दिसणार. अ‍ॅव्हरेजनं ती टेकडी गुळगुळीत होते, दोन होत नाहीत. डीकन्व्होल्यूशन म्हणजे डिटेक्टरनं दाबलेल्या फ्रिक्वेन्सी परत वर ओढणं, पण ज्या नॉइजच्या खाली गेल्या तिथून तू नॉइजच वर ओढतेस. हां, एक करता येतं, एका पल्सचा आकार आधी पांढऱ्या बोर्डवर नीट नोंदव, मग टेकडीत तसे दोन आकार बसवून बघ. सिग्नल चांगला असेल तर राइज टाइमपेक्षा बरंच जवळचं अंतर निघतं. पण त्यात वस्तू दोनच आहेत हे तू आधीच गृहीत धरलेलं असतं. झाडात दोन कुठे असतात? तीन पानं आणि एक फांदी असली तरी प्रोग्रॅम तुला छान दोन आकडे देईल. म्हणून मी हे झाडासाठी सुचवणार नाही.

६० सेंटीमीटर वेगळं करायला एकूण २५० मेगाहर्ट्झ बँडविड्थ लागते, यातून सुटका नाही. पण ती डिटेक्टरमध्येच असली पाहिजे असं नाही. ती प्रकाशात घाल. लेझरची स्वतःची फ्रिक्वेन्सी एका मिलिसेकंदात १ गिगाहर्ट्झनं एकसारखी सरकव, डायोड लेझरचा करंट बदलून हे करता येतं. प्रकाशाचा एक भाग घरीच ठेव, दुसरा झाडाकडे पाठव, आणि परत आल्यावर दोन्ही एकत्र डिटेक्टरवर पाड. डिटेक्टर प्रकाशाची लाट मोजत नाही, तिची शक्ती मोजतो, म्हणजे बेरजेचा वर्ग, आणि वर्ग केला की दोन फ्रिक्वेन्सींचा फरक आपोआप बाहेर पडतो. मिक्सर वेगळा लागतच नाही, डिटेक्टरचा पृष्ठभागच मिक्सर. १५ मीटरवरच्या वस्तूला प्रकाश १०० नॅनोसेकंद उशिरा येतो, तेवढ्यात लेझर १०० किलोहर्ट्झ पुढे गेलेला असतो, म्हणून १०० किलोहर्ट्झचा बीट (दोन फ्रिक्वेन्सींच्या फरकाचा सिग्नल) मिळतो. ६० सेंटीमीटर मागच्या फांदीचा १०४. एक मिलिसेकंदाच्या नोंदीत १ किलोहर्ट्झचा फरक वेगळा दिसतो म्हणजे १५ सेंटीमीटरपर्यंत वस्तू सुट्या होतात. आणि तुझा २० मेगाहर्ट्झचा डिटेक्टर यासाठी भरपूर फास्ट झाला!

अडचणीही सांगतो, लपवल्या असं नको वाटायला. साधा लेझर पॉइंटर यात चालत नाही, त्याची फ्रिक्वेन्सी मध्येच उडी मारते, सिंगल फ्रिक्वेन्सी लेझर लागतो आणि तो स्वस्त नाही. सरकणं सरळ रेषेत नसेल तर बीट पसरतो आणि रिझोल्यूशन परत जातं. तिसरी अडचण कोकणातली खास, वारा. १५५० नॅनोमीटरला पान सेकंदाला फक्त १ सेंटीमीटरनं हललं तरी डॉप्लरमुळे (हलत्या वस्तूवरून परतताना फ्रिक्वेन्सी बदलते) बीट १३ किलोहर्ट्झनं सरकतो, वरच्या हिशोबानं जवळजवळ २ मीटरची चूक. म्हणून फ्रिक्वेन्सी एकदा चढती आणि एकदा उतरती सरकवतात, दोन्हीचं अ‍ॅव्हरेज घेतलं की डॉप्लर वजा होतो. सुरुवात बंद खोलीत दोन पुठ्ठे ६० सेंटीमीटरवर उभे करून कर, झाडाकडे नंतर जा.

प्रश्न : मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. मुलं विचारतात की डिटेक्टर अगदीच मंद असेल, उदाहरणार्थ एलडीआर (उजेडानुसार रेझिस्टन्स बदलणारा भाग) किंवा कॅमेरा, तर प्रकाशाचा प्रवास मोजणं तत्त्वतःच अशक्य नाही का?

सर, मुलांना फ्रेंच शास्त्रज्ञ फिझोचा प्रयोग सांगा. १८४९, पॅरिसजवळ स्युरेन आणि मोंमार्त्र, मध्ये ८,६३३ मीटर. दिव्याचा प्रकाश ७२० दातांच्या फिरत्या चाकाच्या फटीतून जायचा, समोरच्या आरशावरून परत यायचा आणि त्याच चाकातून डोळ्यात. चाक सेकंदाला १२.६ फेऱ्यांवर गेलं तेव्हा परतणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत बरोबर पुढचा दात येऊ लागला आणि दिवा दिसेनासा झाला. एक फट सरून दात यायला ५५ मायक्रोसेकंद, तेवढ्यात १७,२६६ मीटर, भागाकार केला की सेकंदाला साधारण ३,१३,००० किलोमीटर येतात. आजच्या आकड्यापेक्षा चार-पाच टक्के जास्त.

डिटेक्टर कोण होता? माणसाचा डोळा, ज्याला सेकंदाच्या शंभराव्या भागातलंही धड वेगळं दिसत नाही. डोळ्याला फक्त उजेड आहे की नाही एवढंच सांगायचं होतं, वेळेचं काम चाकानं केलं. कॅमेऱ्यापुढे वेगवान शटर ठेवून ते लेझर पल्सनंतर १ नॅनोसेकंद, मग २, मग ३ असं पुढे सरकवत फोटो काढले तरी हेच होतं, प्रत्येक फोटोत १५ सेंटीमीटर पुढचा थर उजळतो आणि कॅमेरा आपल्या सवडीनं प्रकाश गोळा करतो. नुसता एलडीआर, पुढे शटर नाही, मिक्सर नाही, तर मात्र मुलांचं बरोबर आहे, काही मिळणार नाही. वर्गात पुठ्ठ्याचं दातेरी चाक आणि दोन टॉर्च घेऊन हे दाखवा, वेग जुळणार नाही पण फट आणि दात यांचा खेळ मुलांना हातानं कळतो.

प्रश्न : प्रोजेक्टसाठी ९०५ नॅनोमीटरचा पल्स लेझर ऑनलाइन मागवलाय. दिसतच नाही तर डोळ्याला काय होणार? (नागपूर)

होतं, आणि दिसत नाही म्हणूनच जास्त होतं. लाल प्रकाश डोळ्यात गेला की पापणी मिटते, ९०५ ला मिटत नाही, पण डोळ्याचं भिंग त्याला पडद्यावर तसंच एका ठिपक्यात गोळा करतं. तुझ्याकडे त्या तरंगलांबीचा चष्मा येईपर्यंत लेझर चालू करू नकोस, चष्म्यावर ९०५ लिहिलेलं आहे का ते बघूनच घे, नुसता हिरवा-लाल चष्मा कामाचा नाही. किरण डोळ्याच्या उंचीवर ठेवू नकोस, बाकावरची स्टीलची पट्टी, पक्कड, घड्याळ, अंगठी काढून ठेव आणि किरण संपतो तिथे काळा जाड पुठ्ठा उभा कर. किरण कुठे जातोय ते मोबाइलच्या स्क्रीनवर बघ, बऱ्याच मोबाइलच्या कॅमेऱ्यात ९०५ फिकट जांभळट दिसतो, फक्त मोबाइल बाजूनं धर आणि पुठ्ठ्याकडे रोख, लेझरकडे नाही. आणि खोलीच्या दाराला आतून कडी लाव, घरात लहान भावंडं असतील तर नक्कीच.